ढिगाऱ्याखालचा श्वास आणि कोकणची ओली माती

24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा मृत्यू झाला, पण चार वर्षांचा एक मुलगा अठरा-एकोणीस तासांनी त्याच ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आला. काँक्रीटच्या थरांखाली कोणाचा श्वास चालू आहे हे बाहेरून ओळखणारी साधने आता अस्तित्वात आहेत, आणि त्यांचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

विल्हेल्म राँटगेन यांना 1895 मध्ये क्ष-किरण सापडले. मात्र क्ष-किरणांच्या नेहमीच्या चित्रणात वस्तूच्या एका बाजूला किरणांचा उगम आणि दुसऱ्या बाजूला ते टिपणारी पट्टी लागते. ढिगाऱ्याची दुसरी बाजू बचाव करणाऱ्याला मिळत नाही. त्याच वर्षी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी भिंती ओलांडून पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवतात, हे लोकांसमोर करून दाखवले. प्रकाशाला अडवणारी भिंत प्रत्येक लहरीला अडवत नाही, ही गोष्ट त्या प्रयोगातून सर्वांच्या डोळ्यांसमोर आली. अशा लहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपला की एकाच बाजूने काम भागते. 1904 मध्ये जर्मनीत ख्रिस्तियान हुल्समायर यांनी जहाजांवरून परतणाऱ्या लहरी ओळखणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि 1910 मध्ये जमिनीखालच्या वस्तूंसाठीही रेडिओ लहरी वापरण्याची कल्पना तिथेच पुढे आली.

या तंत्राला पहिले मोठे यश मिळाले ते बर्फात. 1929 मध्ये ऑस्ट्रियातील एका हिमनदीची जाडी रेडिओ लहरींनी मोजली गेली. पुढे ग्रीनलँडच्या बर्फावरून उडणाऱ्या विमानांची उंची मोजणारी रडारे चुकीचे आकडे देऊ लागली, कारण लहरी बर्फाच्या पृष्ठभागावरून परतण्याऐवजी त्याच्या आत शिरत होत्या. वैमानिकांच्या जिवावर उठलेला हा दोषच जमिनीत पाहणाऱ्या रडारच्या कामी आला, आणि 1972 मध्ये अपोलो 17 मोहिमेने याच जातीचे उपकरण चंद्राच्या पृष्ठभागाखालचे थर तपासण्यासाठी नेले. बर्फ काय किंवा चंद्राची माती काय, दोन्ही ठिकाणी द्रवरूप पाणी नव्हते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माणूस शोधण्याचे काम याहून नाजूक आहे. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्याने त्याहूनही कमी, आणि परतलेल्या लहरीत तेवढाच सूक्ष्म फरक पडतो. 1980 च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात हे तत्त्व अडथळ्यामागच्या माणसाच्या शोधासाठी वापरण्याचे प्रयोग झाले. त्यात लांब लहरी ढिगाऱ्यात अधिक खोल जातात, पण बारकावा कमी देतात, ही अडचण उरतेच. 2015 च्या नेपाळ भूकंपात नासाच्या ‘फाइंडर’ या उपकरणामुळे चौतारा येथे चार पुरुषांचा ठाव लागला आणि ते जिवंत बाहेर आले. या साऱ्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. भारतात बेंगळुरूच्या संरक्षण प्रयोगशाळेने भिंतीपलीकडची हालचाल दाखवणारे ‘दिव्यचक्षू’ हे रडार विकसित केले आहे.

मात्र कोकणातील दुर्घटना बहुधा भर पावसात घडतात. कोरडी वाळू किंवा कोरडे काँक्रीट लहरींना बरेचसे जाऊ देते. पावसात भिजलेली चिकणमाती त्यांची ऊर्जा इतकी शोषते की अनेक मीटर पाहणारे रडार जेमतेम मीटरभर पाहू शकते. त्यातच पडता पाऊस, वाहते पाणी आणि आजूबाजूच्या माणसांची हालचाल या सर्वांची नोंद त्या लहरींत होते, म्हणून श्वास शोधायचा तर सभोवतालच्या सर्वांना काही काळ स्तब्ध उभे राहावे लागते. आणखी एक फरक याहून कठोर आहे: कोसळलेल्या स्लॅबच्या मध्ये हवेच्या पोकळ्या राहू शकतात, पण दरडीचा चिखल त्या पोकळ्याही भरून टाकतो. महाड तालुक्यातीलच तळिये येथे 22 जुलै 2021 रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक गेले. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा डोंगर चढून जाण्याची पायवाट तेवढी होती, अवजड यंत्रे वर नेता येत नव्हती, आणि शोधकार्याचा मोठा भार फावडी-कुदळींवरच होता. चार दिवसांनी शोध थांबला, त्या वेळी 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसे त्या मातीखालीच राहिली.