फुप्फुसावरणातील पाणी : निदान व उपचारांवरील संशोधन

फुप्फुसावरणाचे दोन पातळ पदर असतात. एक फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून अस्तरासारखा. त्यांमधल्या फटीत निरोगी माणसातही दोन्ही बाजू मिळून जेमतेम १५ ते २० मिलिलिटर द्रव असतो. तो सतत झिरपतो आणि बाहेरच्या पदरातील लसिकावाहिन्या (ऊतींतला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तो शोषून घेतात. झिरपणे वाढले किंवा शोषण अडले, की छातीत पाणी साचते. हृदय कमजोर होणे, यकृताचा सिरोसिस, न्यूमोनिया, क्षयरोग व कर्करोग ही नेहमीची कारणे. त्यामुळे पाणी उपसून दम कमी झाला, तरी ते का झाले हा प्रश्न उरतोच. या विषयावरचे बरेचसे संशोधन याच प्रश्नाभोवती फिरते.

पाण्याची तपासणी. पहिली वाटणी १९७२ साली रिचर्ड लाइट व सहकाऱ्यांनी सुचवलेल्या निकषांवर होते. पाण्यातील प्रथिनांचे रक्तातील प्रथिनांशी प्रमाण ०.५ पेक्षा जास्त, एलडीएच या पेशींतील विकराचे (एन्झाइमचे) तसेच प्रमाण ०.६ पेक्षा जास्त, किंवा पाण्यातील एलडीएच हे रक्तातील सामान्य कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक, यांपैकी एक जरी जुळले तरी पाणी दाहजन्य मानतात. एकही जुळले नाही तर दोष सहसा हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा असतो. दाहजन्य पाणी निसटू नये म्हणून निकष मुद्दाम सैल ठेवले आहेत, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. हृदयविकाराच्या रुग्णाला लघवी वाढवणारी औषधे चालू असली, की पाणी कमी होते, प्रथिने मागे राहून दाट होतात आणि साधे पाणी दाहजन्य ठरते. अशा वेळी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पातळीतून पाण्यातील अल्ब्युमिन वजा करावे. फरक १.२ ग्रॅम प्रति डेसिलिटरहून जास्त आला, तर पाणी बहुधा हृदयाचेच.

नमुना घेण्यातल्या चुका निदानाला जितक्या नडतात, तितके निकष नडत नाहीत. एक्स-रेमध्ये बरगड्या व श्वासपटल यांमधला कोन बोथट दिसायला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते. सोनोग्राफीत त्याहून बरेच कमी पाणीही दिसते आणि आतले पडदेही कळतात. मात्र सोनोग्राफी करून पेनाने खूण करायची आणि रुग्णाला वॉर्डात परत पाठवून तिथे सुई घालायची, ही पद्धत धोक्याची आहे. बसण्याची पद्धत जराशी बदलली तरी पाणी सरकते. सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, कारण रक्तवाहिन्या व नस वरच्या बरगडीच्या खालच्या कडेने जातात. पाठीच्या कण्याजवळ, विशेषतः वृद्धांमध्ये, धमनी बरगडीची आड सोडून मधूनच जाते. तिथे सुई टाळावी.

संसर्गाची शंका असेल तर पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, महत्त्वाचा. ७.२ पेक्षा कमी आला तर नळी घालून पाणी काढावे लागते. नमुना हेपरिन (गुठळी होऊ न देणारे औषध) लावलेल्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न ठेवता, लगेच रक्तवायू तपासणीच्या यंत्रावर लावायचा असतो. हवा राहिली तर पीएच खोटा वाढतो. बधिरीकरणाचे लिग्नोकेन सिरिंजमध्ये उरले असेल तर खोटा घटतो. उघड पू निघाला तर पीएच बघूच नये : निर्णय आधीच झालेला असतो आणि यंत्र तुंबते. कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) थोडा नमुना रक्त-कल्चरच्या बाटलीतही टाकला, तर जंतू सापडण्याचे प्रमाण वाढते.

कर्करोगाच्या पेशी पाण्यात सुमारे ६० टक्के रुग्णांतच सापडतात, मेसोथेलिओमात (फुप्फुसावरणाच्याच कर्करोगात) त्याहूनही कमी. दुसऱ्या नमुन्याने थोडी भर पडते. तिसरा, चौथा पाठवण्यात वेळ जातो. तिथे बायोप्सी, म्हणजे आवरणाचा तुकडा काढून तपासणी, हवी. २००३ च्या एका चाचणीत सीटी स्कॅनच्या आधारे घेतलेल्या बायोप्सीने ८७ टक्के, तर अंदाजाने सुई घालून घेतलेल्या बायोप्सीने ४७ टक्के कर्करोग पकडले. दुर्बिणीतून आवरण प्रत्यक्ष पाहून तुकडा घेतला, तर यश ९० टक्क्यांच्या पुढे जाते.

क्षयरोगाच्या पाण्यात जंतू फार थोडे असतात, म्हणून स्लाइडवर ते क्वचितच दिसतात. पाण्यात लसिकापेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए हे विकर ४० युनिट प्रति लिटरच्या वर असेल, तर क्षयरोग धरतात. पण पू, संधिवाताभ व लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) यांतही एडीए वाढतो. जिथे क्षयरोग सर्रास आढळतो तिथे वाढलेला एडीए विश्वासार्ह. जिथे तो विरळ तिथे उलट, कमी आलेला एडीए क्षयरोग वगळायला उपयोगी. औषधांना जंतू दाद देतात की नाही हे मात्र एडीए सांगत नाही. त्यासाठी बायोप्सीचा तुकडा कल्चरला पाठवावा लागतो.

पू झाल्यास. पुवातली जाळी विरघळली की तो नळीतून वाहील, या तर्काने स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळ्या विरघळवणारे औषध अनेक वर्षे वापरले गेले. २००५ मध्ये ४५४ रुग्णांवरच्या ‘मिस्ट-१’ चाचणीत त्याचा मृत्यू किंवा शस्त्रक्रिया टाळण्यास काहीच उपयोग दिसला नाही. तर्क अर्धाच होता. पू घट्ट होतो तो फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाने, आणि मेलेल्या पांढऱ्या पेशींतून सुटलेल्या डीएनएमुळेही. २०११ च्या ‘मिस्ट-२’मध्ये फायब्रिन विरघळवणारे टीपीए १० मिलिग्रॅम आणि डीएनए तोडणारे डीएनएज ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन दिवस नळीतून दिले, प्रत्येक डोसनंतर नळी तासभर बंद ठेवली. दोन्ही मिळून दिलेल्या गटात शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागलेले ४ टक्के, नुसत्या प्लासिबोच्या (औषधाविना दिखाऊ डोसच्या) गटात १६ टक्के. एकटे डीएनएज दिलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले, तेव्हा एकेकटे औषध देऊ नये हेही कळले. तरी चाचणीचे मुख्य मोजमाप एक्स-रेवरचा डाग होते. या उपचाराने जीव वाचतात, असा निष्कर्ष २१० रुग्णांतून काढता येत नाही.

कर्करोगाचे पाणी. इथे ते पुनःपुन्हा भरते. एक मार्ग म्हणजे टाल्क (एका खनिजाची निर्जंतुक पूड) घालून दोन्ही पदर चिकटवणे. दुसरा, त्वचेखालून नेलेली कायमची मऊ नळी बसवून घरीच पाणी काढणे. २०१२ च्या ‘टाइम-२’ चाचणीत दम कमी होण्यात दोन्ही मार्ग सारखेच ठरले. म्हणून निवड रुग्णाच्या सोयीने करावी : टाल्कसाठी रुग्णालयात राहावे लागते, नळीने संसर्गाची जोखीम घरी येते. फुप्फुस पूर्ण फुलतच नसेल तर पदर एकमेकांना टेकत नाहीत आणि टाल्क वाया जाते. तिथे नळीच बरी. दोन्ही एकत्र करून, नळीतूनच टाल्क दिल्यावर ३५ दिवसांत ४३ टक्के रुग्णांत पदर चिकटले, टाल्कविना २३ टक्क्यांत (२०१८). टाल्क दुर्बिणीतून फवारावे की पाण्यात कालवून नळीतून द्यावे, हा जुना वाद २०२० च्या ‘टॅप्स’ चाचणीने जवळजवळ मिटवला : ९० दिवसांत अपयश २२ आणि २४ टक्के. टाल्क मात्र बारीक कण काढून टाकलेलेच हवे. बारीक कण रक्तात शिरून फुप्फुसांना सूज आणतात.

टाल्कने सूज आणूनच पदर चिकटतात. वेदनाशामक आयबुप्रोफेनने सूज दबते, मग पदर चिकटणार कसे, अशी भीती होती. २०१५ च्या ‘टाइम-१’ चाचणीत ती निराधार ठरली. त्याच चाचणीत बारीक, १२ फ्रेंच मापाच्या (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे एकक) नळीने दुखणे थोडे कमी झाले, पण पदर चिकटवण्यात ती २४ फ्रेंच नळीच्या तोडीची आहे असे सिद्ध झाले नाही.

दम लागण्याचे कारणही नुसते दबलेले फुप्फुस नसते. पाण्याच्या भाराने श्वासपटल खाली ढकलले जाते, कधी उलटेही होते, आणि त्याची ताकद वाया जाते. म्हणूनच पाणी काढल्यावर एक्स-रे फारसा न बदलताही रुग्णाला हलके वाटू शकते. एका वेळी साधारण दीड लिटरवर थांबतात. त्याआधीच छातीत आवळल्यासारखे वाटले किंवा खोकला थांबेना, तर लगेच थांबावे, नाहीतर झपाट्याने फुललेल्या फुप्फुसात पाणी उतरू शकते. आतला दाब मोजत पाणी काढले तर त्रास कमी होईल ही अपेक्षा रास्त होती, पण २०१९ मध्ये १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत छातीतील अस्वस्थता तेवढीच राहिली.