सिरीयल संप्रेषण आणि संदेशवहनाची माध्यमे

दोन संगणकांमध्ये, किंवा संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये, माहितीचे बिट (शून्य किंवा एक असे तिचे सर्वांत लहान तुकडे) एकाच मार्गावरून एकामागून एक पाठवण्याच्या पद्धतीला सिरीयल किंवा अनुक्रमी संप्रेषण म्हणतात. हे बिट ज्या तारेतून, काचतंतूतून किंवा रेडिओलहरींतून जातात, ते त्याचे माध्यम. विदर्भातल्या खेड्यात याचा चांगला नमुना जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर पाहायला मिळतो. कापसाची गाडी काट्यावर उभी राहते, खोलीतल्या यंत्रावरचे लाल आकडे स्थिरावतात आणि तोच आकडा केबलमधून शेजारच्या संगणकात जाऊन काटापावतीवर छापला जातो.

बिट एकदम पाठवण्याचीही पद्धत आहे, तिला समांतर संप्रेषण म्हणतात. तिफणीच्या चाड्यात मूठभर बी सोडले की ते तीन नळ्यांतून तीन ओळींत एकदम पडते. समांतर केबलमध्ये आठ तारांवरून आठ बिट असेच निघतात. सरत्यातून मात्र एकाच नळीने बी पडत जाते, तसे सिरीयलचे. वरवर पाहता तिफणीचे काम वेगवान वाटते. पण तारा लांब आणि वेग जास्त झाला की आठ तारांवरचे बिट थोडे मागेपुढे पोचतात आणि कोणता बिट कोणत्या अक्षराचा, याचा घोळ होतो. एका तारेवर हा प्रश्नच उरत नाही. म्हणून आजची यूएसबी (पेनड्राइव्हची), साटा (हार्डडिस्कची), इथरनेट (संगणकांच्या जाळ्याची) ही सारी वेगवान जोडणीची साधने सिरीयलच आहेत.

साध्या सिरीयल जोडणीत वेळ सांगणारी वेगळी तार नसते. अक्षर सुरू होताना एक प्रारंभ-बिट येतो. तो दिसताच घेणारी बाजू स्वतःच्या घड्याळाने मोजू लागते आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर तारेवरचा विद्युतदाब तपासते. आठ बिट झाले की शेवटी समाप्ती-बिट. म्हणजे आठ बिटांच्या एका अक्षरामागे दहा बिट. सेकंदाला ९६०० बिट या वेगात एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि सेकंदाला ९६० अक्षरे जातात. ‘कापूस’ हा शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८ या लिपी साठवण्याच्या पद्धतीत १५ बाइटांचा होतो; बाइट म्हणजे आठ बिटांचा गट, इथल्या हिशोबात एक अक्षर. तो पाठवायला १५० बिट, म्हणजे सेकंदाचा सुमारे चौसष्टावा भाग पुरतो. दोन्ही टोकांचा वेग आधीच ठरलेला असावा लागतो. काटा ४८०० वर बोलत असेल आणि संगणक ९६०० वर ऐकत असेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. नवा संगणक बसवल्यावर ‘काटा संगणकात येत नाही’ अशी तक्रार आली, तर केबल बदलण्याआधी ही जुळणी पाहावी.

चूक एवढी उघड दिसली तर बरेच. खरी काळजी न दिसणाऱ्या चुकीची. आस्की या इंग्रजी अक्षरे-आकड्यांच्या संकेतात ३ हा आकडा ००११००११ आणि १ हा ००११०००१ असा लिहितात. फरक एका बिटाचा. वाटेत तेवढा एक बिट उलटला तर ३४६० किलोचे १४६० होतात, म्हणजे कास्तकाराचा वीस क्विंटल कापूस कागदावरून जातो. यासाठी पॅरिटी-बिट जोडतात: अक्षरातल्या एकांची संख्या सम किंवा विषम राहील असा तो ठेवला की एक बिट उलटल्याचे लगेच कळते. दोन बिट उलटले तर मात्र पॅरिटी फसते. म्हणून चांगल्या यंत्रणेत पूर्ण संदेशाची बेरीजही शेवटी पाठवून पडताळतात. जिथे वजनावर वर्षाची कमाई ठरते, तिथे ही पडताळणी बंद ठेवणे अक्षम्य आहे. कास्तकारानेही काट्यावरचे लाल आकडे आणि पावतीवरचे आकडे तिथेच जुळवून घ्यावेत.

काट्याच्या केबलवर बहुधा १९६० साली आलेले आरएस-२३२ हे मानक असते. त्यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे शून्य. साधारण १५ मीटरपर्यंत ते भरवशाचे. जिनिंगच्या मोठ्या मोटारींजवळून लांब केबल न्यायची तर १९८३ चे आरएस-४८५ बरे: पीळ दिलेल्या दोन तारांवर उलटसुलट दाब देतात आणि घेणारा फक्त त्यांच्यातला फरक पाहतो. मोटारीचा विद्युत खडखडाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, म्हणून फरकातून गळून जातो. कमी वेगात हे १२०० मीटरपर्यंत चालते.

माध्यमांपैकी तांब्याची तार स्वस्त आणि जोडायला सोपी. पण विदर्भातल्या पावसाळ्यात विजांचा मारा मोठा. जवळपास वीज पडली की लांब तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. काचतंतूत प्रकाश धावतो, काच वीज वाहून नेत नाही, म्हणून दोन इमारती जोडायला तोच निवडावा. लांब पल्ल्याच्या तंतूत प्रकाशाचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटरचा, केसाहून कितीतरी बारीक. वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत हाच तंतू नेतात. काळी माती मात्र त्याची परीक्षा घेते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि उथळ पुरलेल्या केबलचे जोड ताणले जातात. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीचा धोका वेगळाच.

मेळघाटात सातपुड्याचे डोंगर आडवे येतात. सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्ह या रेडिओलहरींच्या) मनोऱ्यांना एकमेकांची सरळ नजर हवी, ती तिथे सहज मिळत नाही. अशा गावांना उपग्रहाचा आधार घेता येतो. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा, उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, त्यामुळे संदेश वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी तेवढाच.