मोटारी टेक्ससला गेल्या, रामेन टॉरन्सलाच राहिलं

लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून गाडी दक्षिणेला वळवली की थोड्याच वेळात गार्डीना लागतं आणि त्याला चिकटून टॉरन्स. पाहुण्याला हौसेने फिरवून आणावं असं तिथे फारसं काही नाही. रुंद रस्ते, एकमजली गाळ्यांच्या रांगा, पुढे पार्किंग. दाताचा दवाखाना आणि लाँड्री यांच्यामधल्या गाळ्यात सोबाचं, म्हणजे जपानी शेवयांचं, दुकान, तेही पाटी नीट वाचली तरच कळणारं. या शहरात जपानी जेवण कुठे मिळेल असं विचारलं तर नवखा माणूस लिटल टोकियो या शहरातल्या जुन्या जपानी वस्तीकडे बोट दाखवतो. मुरलेला जपानी मात्र बहुधा या दोन उपनगरांची नावं घेतो.

त्यामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. इथलं जपानी जेवण दोन वेगळ्या जपान्यांनी, दोन वेगळ्या काळात, आपापल्या पोटासाठी मांडलं. पहिले शेतकरी आणि माळी. दुसरे मोटार कंपन्यांचे नोकरदार. दोघांच्या चवी वेगळ्या, ऐपत वेगळी, आणि जपानची आठवणही वेगळी. म्हणून इथे कुठे जेवायचं हे ठरवण्याआधी कुणाच्या पंक्तीला बसायचं ते ठरवावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गार्डीनाचा परिसर स्ट्रॉबेरीसाठी इतका प्रसिद्ध होता की त्याला ‘बेरीलँड’ म्हणत. कमरेत वाकून करायची ही शेती मोठ्या प्रमाणावर जपानी कुटुंबांच्या हातात होती. या पहिल्या पिढीला जपानीत ‘इस्सेई’ म्हणतात. त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळत नसे. 1913 साली कॅलिफोर्नियाने कायदाच केला की जे नागरिक होऊ शकत नाहीत त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. मग जमिनी खंडाने घ्यायच्या, किंवा इथे जन्मलेल्या, म्हणजे जन्माने नागरिक असलेल्या मुलांच्या नावावर करायच्या, अशा वाटा निघाल्या. 1920 मध्ये कायदा आणखी आवळला. सातबाऱ्यावर घरातल्या धाकट्याचं नाव चढवण्यामागचं राजकारण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 1924 च्या कायद्याने जपानमधून नवी माणसं येणंही थांबलं.

जवळच लॉस एंजेलिस बंदरात टर्मिनल आयलंड नावाचं बेट आहे. तिथे सुमारे तीन हजार जपानी लोकांची कोळी वस्ती होती. पुरुष ट्यूनाच्या बोटींवर, बायका मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत. बोट लागली की कारखान्याचा भोंगा वाजे आणि हातातलं काम टाकून बायका धावत. फेब्रुवारी 1942 मध्ये या वस्तीला घर सोडायला 48 तास दिले गेले. नंतर घरं पाडली. आज त्या जागी एक स्मारक आहे.

पर्ल हार्बरनंतर, 19 फेब्रुवारी 1942 रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 9066 वर सही केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत हलवण्यात आलं. त्यातले दोन तृतीयांश लोक अमेरिकेचे नागरिक होते. सांता अनिताच्या रेसकोर्सवर अनेक कुटुंबं आधी घोड्यांच्या तबेल्यांत राहिली, मग मान्झनारसारख्या वाळवंटी छावण्यांत गेली.

खाण्याच्या इतिहासात हा काळ नुसता ओलांडून जाता येत नाही. छावणीत स्वयंपाकघर सामाईक. भातावर डब्यातले पाकातले जर्दाळू ओतून वाढले गेल्याची आठवण अनेकांनी सांगून ठेवली आहे. ज्यांच्या घरी भात आणि गोड हे कधी एका ताटलीत आले नव्हते त्यांना ते किती लागलं असेल! (आपण साखरभात खाणारे, पण आमटीची वाट पाहणाऱ्याला कुणी न सांगता साखरभात वाढला तर आपलंही तोंड वाकडं होईलच.) मुलं आईबापांना सोडून मित्रांच्या टेबलावर जेवू लागली, घरची पंगत मोडली. पण मान्झनारमध्ये लोकांनी पुढे छावणीतच टोफू आणि शोयू, म्हणजे सोयाबीनचा सॉस, बनवायला घेतला. 

सुटका झाल्यावर बहुतेकांकडे परत घ्यायला जमीन उरलेली नव्हती. हाताशी उरलं ते झाडापानांचं ज्ञान. एक पिकप, मागे गवत कापायचं यंत्र आणि लोकांच्या बागा: लॉस एंजेलिसमधल्या कितीतरी जपानी घरांचा संसार युद्धानंतर असा उभा राहिला. घर कुणाला विकायचं यावरची वर्णभेदी बंधनं शहरात जागोजाग होती. सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये ती कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. गार्डीनात जपानी शेजार आधीपासून होता, घरं परवडणारी होती. माळी तिथे जमले. त्यांच्यात हवाईहून आलेली जपानी कुटुंबं मिसळली. ओकिनावातून आलेल्यांची संस्थाही गार्डीनातलीच.

या पहिल्या थराची चव म्हणजे आजची जुनी गार्डीना. हवाईच्या उसाच्या मळ्यांत जपानी, पोर्तुगीज, चिनी, फिलिपिनो मजूर शेजारी शेजारी राहिले आणि त्यांचे डबे एकमेकांत मिसळले. ते सगळं मिश्रण इथल्या कॉफी शॉपमध्ये उतरलं. गार्डीना बोल या बोलिंगच्या अड्ड्यातल्या कॉफी शॉपमध्ये सकाळी भात, अंडी, पोर्तुगीज सॉसेज आणि चिनी पद्धतीचं भाजलेलं डुकराचं मांस एकत्र परतून मिळतं. टोकियोच्या माणसाला हे जपानी वाटणार नाही. पण इथल्या निसेईंना, म्हणजे दुसऱ्या पिढीला, घरचं वाटतं ते हेच. साकाए सुशी हे 1960 च्या दशकापासूनचं छोटं दुकान त्याच पिढीचं. बसायला जागा नाही, प्रकार मोजके: गोडसर टोफूच्या पिशवीतला भात, दाबून बसवलेला बांगड्याच्या कुळातला मासा, अंड्याची वडी. खोका कागदात बांधून देतात, लग्नकार्याची मिठाई बांधावी तसा. माझ्या मते या भागात एकच ठिकाण करायचं असेल तर हे करावं. चकचकीत बारमागे आचारी हातवारे करत बसवतो त्या सुशीच्या आधीची, घरगुती समारंभाची सुशी ही अशी होती.

भाताचाही धागा आहेच. केइसाबुरो कोदा हे मध्य कॅलिफोर्नियातले मोठे भातशेतकरी. युद्धात तेही छावणीत गेले आणि परतले तोवर त्यांचा कारभार बराचसा हातचा गेला होता. पुन्हा उभ्या केलेल्या त्या शेतीतून 1963 मध्ये ‘कोकुहो रोज’ हा तांदूळ बाजारात आला. जपानी-अमेरिकी घरांत पिढ्यान् पिढ्या कुकरमध्ये पडला तो हा.

दुसरा थर मोटारींबरोबर आला. टोयोटाने 1957 मध्ये अमेरिकेतली विक्री कंपनी हॉलिवूडमध्ये थाटली. होंडा 1959 मध्ये आली आणि लॉस एंजेलिसमधल्या पिको बुलेव्हार्डवरच्या एका दुकानातून मोटारसायकली विकू लागली. निस्सानची कंपनी 1960 मध्ये निघाली आणि तिने गार्डीनात बस्तान बसवलं. टोयोटाचं मुख्यालय 1982 मध्ये टॉरन्सला आलं, होंडाचं 1990 मध्ये. जागा निवडण्यामागचं गणित सरळ होतं. जहाजातून गाड्या उतरायच्या ती बंदरं खाली, टोकियोचं विमान उतरायचं तो विमानतळ वर, मध्ये जागा मोकळी. आणि शेजारी मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, विकणारी दुकानं आधीपासून होतीच. मोठ्या कंपन्यांमागोमाग सुटे भाग पुरवणारे, बँका, मालवाहतूकवाले आले. टॉरन्सने 1973 मध्ये चिबा प्रांतातल्या काशिवा शहराशी भगिनी-शहराचं नातंही जोडलं.

या कंपन्यांनी काही वर्षांसाठी पाठवलेल्या माणसाला जपानीत ‘चूझाईइन’ म्हणतात. तो इथे राहायला आलेला नसतो, परत जायचं असतं. मुलं आठवडाभर अमेरिकी शाळेत आणि शनिवारी जपानी शाळेत, म्हणजे परतल्यावर वर्ष बुडायला नको. अशा घराला लिटल टोकियोतलं अमेरिकाळलेलं जेवण नको होतं. तिथे 1960 च्या दशकात सुशीच्या आचाऱ्यांनी अमेरिकी गिऱ्हाइकासाठी काय काय केलं हे कॅलिफोर्निया रोलवरून दिसतं. अॅव्होकॅडो घातलेला हा सुशीचा रोल टोकियो काइकान या रेस्टॉरंटमधल्या इचिरो माशिता यांनी केला असं बऱ्याचदा सांगतात. व्हँकुव्हरमधल्या एका आचाऱ्याचाही त्यावर दावा आहे. तो वाद त्यांचा त्यांनी बघावा. टॉरन्सच्या गिऱ्हाइकाला समजूत घालावी लागत नव्हती. त्याला ऑफिस सुटल्यावर जसं टोकियोत स्टेशनजवळ प्यायचो-खायचो तसं हवं होतं: कोळशावर भाजलेली कोंबडीची काळजं आणि कातडी, ताज्या पिठाचा सोबा, हॉक्काइडोच्या पद्धतीचं रामेन, म्हणजे सूपमधल्या शेवया. गिऱ्हाईक जाणकार आणि चिकित्सक असलं की स्वयंपाकघराला कामचुकारपणा परवडत नाही. टॉरन्सची ख्याती यातून झाली.

किराणाही तसाच. याओहान ही जपानी सुपरमार्केटची साखळी 1997 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची अमेरिकेतली दुकानं पुढच्या वर्षी ‘मित्सुवा’ झाली. गार्डीनातलं मारुकाई आता ‘टोकियो सेंट्रल’ आहे. मित्सुवातल्या फूड कोर्टमध्ये असाहिकावा शहरातून आलेल्या सान्तोकाचं मिठाचं रामेन मिळतं, आणि प्लास्टिकच्या ट्रेवर मिळणारं हे जेवण अनेक महागड्या टेबलांपेक्षा सरस आहे असं मी बिनदिक्कत सांगतो. संध्याकाळी उशिरा गेलं तर बेंतोवर, म्हणजे डब्यात भरलेल्या तयार जेवणावर, सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. जपानी गृहिणी त्या वेळेवर नजर ठेवून असते, आपणही ठेवावी.

मग कंपन्या जायला लागल्या. निस्सान 2006 मध्ये टेनेसीला गेली. टोयोटाने 2014 मध्ये टेक्ससला जाण्याचं जाहीर केलं आणि 2017 पर्यंत टॉरन्सचं मुख्यालय रिकामं झालं. सुमारे तीन हजार नोकऱ्यांचा प्रश्न होता. होंडा राहिली. दुपारच्या जेवणावर चालणाऱ्या दुकानांना धास्ती वाटणं साहजिक होतं. पण एव्हाना बाकांवर चूझाईइनच्या शेजारी कोरियन, चिनी, मेक्सिकन आणि अधूनमधून आपल्यासारखेही बसू लागले होते. काही पाट्या उतरल्या, त्या सगळ्या टोयोटामुळे नव्हेत. ‘करी हाउस’ ही साखळी फेब्रुवारी 2020 मध्ये सगळ्या शाखांसकट एका दिवसात बंद झाली. भारतातून इंग्रजांकडे आणि मेइजी काळात इंग्रजांकडून जपानकडे गेलेली ती करी. आपल्या नाकाला ओळखीची वाटते आणि जिभेला अनोळखी.

शाकाहारी मराठी माणसासाठी दोन शब्द, कारण इथल्या ओळखीच्या घरांत हा प्रश्न दर वेळी निघतो. जपानी जेवणात मांस दिसत नसलं तरी मासा असू शकतो. सूप, सॉस, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांचा पाया ‘दाशी’, आणि तो बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कातरणाचा. सोबा म्हणजे उत्तरेत उपासाला चालणाऱ्या कुट्टूच्या शेवया, पण त्या ज्यात बुडवून खायच्या त्या सॉसमध्ये हाच मासा. इनारी सुशीची ती गोडसर टोफूची पिशवीसुद्धा अनेकदा दाशीत शिजते. त्यामुळे नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘दाशीमध्ये मासा आहे का’ असंच विचारावं लागतं. कप्पामाकी हा काकडीचा सुशी रोल आणि मीठ लावलेल्या एदामामेच्या, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या, शेंगा बहुतेक ठिकाणी निर्धास्त. नात्तो हे आंबवलेलं सोयाबीन शुद्ध शाकाहारी असतं, फक्त सोबत येणारी सॉसची पुडी बाजूला ठेवायची. तारेवर तार धरणारं ते सोयाबीन ज्यांच्या घशाखाली उतरत नाही, त्यांच्यासाठी आर्टेशियातला पायोनियर बुलेव्हार्ड गाडीने अर्ध्या तासावर आहे. तिथे डोसा मिळतो.