मवाळ निवडून आले म्हणून पक्ष मवाळ होत नाही

मवाळ उमेदवार जास्त निवडून आले की पक्ष आपोआप मध्याकडे सरकतो, हा अमेरिकी काँग्रेसबाबतचा जुना समज. तसं होत नाही. प्रतिनिधिगृहात कुठलं विधेयक मतदानाला येणार, हे मुख्यतः स्पीकर आणि नियम समिती ठरवतात. नवख्या सदस्याला मत देता येतं ते त्यांनी आधीच ठरवलेल्या मजकुरावर. खरी संधी त्याआधीच, स्पीकर निवडताना. 2018 च्या निवडणुकीनंतर मवाळ डेमोक्रॅट्सच्या छोट्या गटाने स्पीकरपदाच्या उमेदवार नॅन्सी पलोसींना मत देण्याआधी नियमबदल पदरात पाडून घेतले; त्यातूनच 290 सहप्रायोजक असलेल्या विधेयकाला सभागृहात यायची वाट मिळाली. बहुमत निसटतं असेल तर मोजके जणही पुरतात. पाठिंबा आधीच जाहीर केला की मात्र सौदा संपला. मग उरतो 218 सह्यांचा डिस्चार्ज अर्ज, म्हणजे समितीत अडकलेलं विधेयक नेत्यांना डावलून सभागृहात आणायचा मार्ग, आणि त्यावर स्वपक्षाच्या नेत्यांविरुद्ध सही करायला फार थोडे धजावतात.