‘बिलीव्ह’मधला तो आवाज व्होकोडरचा नाही

अमेरिकन गायिका शेरच्या १९९८ सालच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यातला तो यांत्रिक, थरथरता आवाज व्होकोडर या उपकरणाचा आहे, असं अजूनही ठामपणे सांगितलं जातं. ते चूक आहे. तो ऑटो-ट्यून या सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. गैरसमजाचं मूळ खुद्द निर्मात्यांकडे जातं. युक्ती गुपित राहावी म्हणून त्यांनी १९९९मध्ये मुलाखतीत व्होकोडरचं नाव पुढे केलं होतं.

व्होकोडर गायकाचे उच्चार सिंथेसायझरच्या स्वरांवर चढवतो. ऑटो-ट्यून मूळ गळा तसाच ठेवून फक्त सूर जवळच्या स्वरावर नेतो. दुरुस्तीचा वेग टोकाला नेला, की दोन स्वरांमधली मींडच नाहीशी होते आणि आवाज पायऱ्यांवरून उड्या मारल्यासारखा येतो.

बेसूरपणा झाकायला हे केलं, हा आरोप तर मला अन्यायकारक वाटतो. झाकायचं असतं, तर ते ऐकूच आलं नसतं.