हिरडीखालच्या दाढेला कीड लागेल कशी?

मुलाचा पडलेला दुधाचा दात कधी उलटा करून पाहिलाय? तो कौलावर भिरकवायचा की उंदराच्या बिळात टाकायचा, याचं शास्त्र घराघरात वेगळं. पण टाकण्याआधी एकदा खालून बघाच. वरून गुळगुळीत, पांढरा. खाली मात्र कुरतडल्यासारखी कडा आणि मध्ये खळगा. मूळ नाहीच! ते तुटून आत राहिलेलं नसतं, खालून कायमचा दात वर सरकत असताना शरीरानेच ते हळूहळू विरघळवून टाकलेलं असतं.

हे काम करणाऱ्या पेशी आकाराने दांडग्या आणि अनेक केंद्रकं असलेल्या. अशी पेशी दातावर बूड टेकून बसते, कडेने घट्ट चिकटते आणि खाली आम्ल सोडते. आम्लाने खनिज विरघळतं, मग प्रथिनांचं उरलेलं जाळं तिची विकरं तोडतात. ती उठून गेली की मागे बशीसारखा खड्डा राहतो. आपल्या हाडांची सतत मोडतोड करून त्यांना नव्याने बांधायला जागा करून देणाऱ्या पेशीही याच कुळातल्या. एकूण काय, तर उपयोगाची मंडळी. फक्त कधीकधी ती भलत्याच दातात शिरतात.

समजा, आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा दुसऱ्याच कशासाठी तरी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा आडवा लांबलचक एक्स-रे काढलाय. दुधाच्या दातांच्या खाली, हाडात, कायमचे दात आपल्या पाळीची वाट बघत बसलेले दिसतात. त्यातल्या एका दाढेवर इनॅमलची, म्हणजे दाताच्या कडक बाहेरच्या कवचाची, पांढरीशुभ्र टोपी शाबूत आहे, आणि टोपीच्या अगदी खाली, डेंटिन नावाच्या आतल्या थरात, एक काळा ठिपका. कुणीही बघून म्हणेल, दाढ किडलीय.

पण किडीला जिवाणू लागतात, त्यांना साखर लागते. या दाढेने अजून लाळसुद्धा पाहिलेली नाही. अमेरिकेतले दंतवैद्यक स्किलेन यांनी १९४१ साली असा दात नोंदवला, तेव्हा लेखाच्या शीर्षकातच या किडीला ‘तथाकथित’ म्हटलं. तो एक शब्द मला फार आवडतो. दिसतं किडीसारखं, पण कीड म्हणायला मन धजत नाही, हे सगळं त्यात आलं. पुढे अशा पोकळ्यांतला ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, तेव्हा त्यात सापडल्या त्याच दांडग्या पेशी आणि त्यांचे बशीसारखे खड्डे. दात आतून खाल्ला जात होता, तो शरीराच्याच पेशींकडून.

त्या आत शिरतात कुठून? दाढेचा माथा तयार झाला की इनॅमल घडवणाऱ्या पेशींचा पातळ थर त्यावर पांघरुणासारखा राहतो. या पांघरुणाला कुठे फट पडली, तर भोवतालच्या हाडातल्या किंवा न आलेल्या दाताला वेढून असलेल्या पिशवीतल्या पेशी माथ्यावरच्या खाचेतून किंवा दाताच्या मानेशी असलेल्या सांध्यातून डेंटिनपर्यंत पोचतात, असा तर्क आहे. जबड्यात वाकडे-तिकडे अडकलेले दात या तक्रारीत जास्त आढळतात, ही गोष्ट तर्काशी जुळते. मुलगा की मुलगी, फ्लोराइड घेतलं की नाही, यांच्याशी मात्र संबंध सापडलेला नाही. ‘मीच याला चॉकलेटं दिली’ म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्या आईने इथे निर्धास्त असावं. हिरडीखालच्या दाढेपर्यंत चॉकलेट पोचतच नाही.

हा प्रकार वाटतो तितका दुर्मिळ नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी १९९९ साली मुलांचे जुने एक्स-रे तपासले. ओपीजीत सुमारे ३ टक्के मुलांमध्ये असा डाग दिसला, तर दाढांच्या छोट्या, जास्त स्पष्ट फिल्मवर ६ टक्के मुलांमध्ये. बहुधा एका मुलाचा एकच दात. खालच्या दाढा आणि त्यांच्या पुढच्या उपदाढा यांत जास्त. अर्थात एक्स-रेवरचा प्रत्येक काळा ठिपका खरा नसतो. माथ्यावरच्या खोल खाचेची सावलीही असाच चकवा देते.

खरा धोका सुरू होतो दाढ वर आल्यावर. हिरडीखाली असेपर्यंत पोकळी बंद असते, तिथे जिवाणूंचं काही चालत नाही. दाढ तोंडात आली की खाचेतून त्यांना वाट मिळते, आणि आत तयार खोली! वरची टोपी धड दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. एक दिवस चावताना ती आत ढासळते. ‘आमच्या पोराची दाढ आली ती किडूनच आली’ हे वाक्य ऐकून पूर्वी डॉक्टर हसत असतील, पण आईबाप काही दातांच्या बाबतीत जवळजवळ खरंच बोलत होते.

डाग लहान असेल आणि वाढत नसेल, तर नुसती नजर ठेवायची आणि दाढ हिरडीबाहेर येताच उघडून भरायची. तो पसरत दाताच्या नसेकडे निघाला असेल, तर थांबून चालत नाही. हिरडी कापून दाढ उघडी करायची, पोकळी खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. वेळेत झालं तर नस वाचते, रूट कॅनल टळतं. मात्र हा डाग शोधायचा म्हणून निरोगी मुलाचे एक्स-रे काढत सुटणं मला पटत नाही. दुसऱ्या कामासाठी फिल्म काढलीच असेल, तर आलेल्या दातांबरोबर न आलेल्यांच्या टोप्यांखालीही बघा, एवढं डॉक्टरांना जरूर सांगावं.

वेळ साधली की चुकली, हे दाढ उघडताच कळतं. हिरडीखालीच उघडली तर पोकळीतून निघतो मऊ ऊतक. उशीर झाला असेल तर तपकिरी, भुसभुशीत डेंटिन, आणि तोवर ती खरोखरच कीड झालेली असते.