ओमाकासे की काइसेकी? जपानी जेवणातले दोन शब्द

एखाद्या चांगल्या जपानी रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवायला गेलं की हे दोन शब्द हमखास समोर येतात. दोन्हीकडे पदार्थ आपण निवडायचे नसतात, छोट्या छोट्या वाढण्या एकामागून एक येत राहतात आणि बिल भरभक्कम येतं. त्यामुळे दोन्ही एकच, असं पुष्कळांना वाटतं. पण हे शब्द मुळात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पदार्थ कोण ठरवणार, हे ओमाकासे सांगतं. जेवणाचा घाट कसा असणार, हे काइसेकी सांगतं.

'माकासेरु' म्हणजे सोपवणं. ओमाकासे म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. सुशीच्या, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताबरोबर मासा वगैरे देणाऱ्या पदार्थाच्या, दुकानात मागण्याच्या तीन रीती असतात: आवडीचं एकेक मागणं म्हणजे ओकोनोमी, ठरल्या किमतीचा ठरलेला संच म्हणजे ओकिमारी, आणि सगळं शेफच्या हवाली करणं म्हणजे ओमाकासे. त्या दिवशी बाजारात काय उत्तम मिळालं हे शेफला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. म्हणून ही रीत सुशीच्या काउंटरवर सगळ्यात जास्त शोभते.

आणि हे जेवण काउंटरवर बसूनच समजतं. शेफ डाव्या हातात माशाचा काप घेतो, उजव्या हाताने भाताचा लहानसा गोळा उचलतो, त्याच हाताच्या बोटाने कापाला वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवा ठेचा, लावतो, दोन-चार वेळा हलकेच दाबतो, वर ब्रशने सोया सॉसचा हात फिरवतो आणि निगिरी तुमच्यासमोर ठेवतो. व्हिनेगर घातलेला तो भात अंगाइतका कोमट असतो आणि मासा त्याहून जरा गार. हा फरक मिनिटाभरात संपतो. म्हणून समोर आली की लगेच, एका घासात खावी. हाताने खाल्ली तरी चालते. वर सॉस लावलेलाच असेल तर पुन्हा सॉसमध्ये बुडवू नये. आल्याचं लोणचं दोन निगिऱ्यांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असतं, माशावर ठेवायला नव्हे. साधारणपणे आधी सौम्य चवीचे पांढरे मासे, मग ट्यूनाचा चरबीदार भाग, आणि अखेरीला गोडसर अंड्याचा तुकडा असा क्रम असतो. पण तो नियम नव्हे, शेफची मर्जी.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. सुशी म्हणजे भातावर ठेवलेला ताजा कच्चा मासा, एवढंच नाही. निगिरी 19व्या शतकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. तेव्हा बर्फाची सोय नव्हती. कोहादा नावाचा लहान मासा मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवायचे, ट्यूना सोया सॉसमध्ये ठेवायचे, ईल शिजवून घ्यायचे. जुन्या वळणाच्या दुकानांत आजही हेच करतात, आणि माझ्या मते शेफचा खरा कस कोहादातच लागतो.

काइसेकीची गोष्ट लांबची आहे, कारण एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत. जपानी लिपीत ते वेगवेगळे लिहितात. पहिल्याचा अर्थ 'उराशी धरलेला दगड'. झेन भिक्षू भूक सोसण्यासाठी तापवलेला दगड कपड्याआड पोटाशी धरत, अशी त्यामागची कथा सांगतात. हे चहाच्या विधीतलं साधं जेवण, आणि ते चहागुरू सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या परंपरेशी जोडलं जातं. एक सूप आणि तीन पदार्थ हा त्याचा गाभा. माच्चा म्हणजे हिरव्या चहाच्या भुकटीचा चहा; तो दाट, कडक चहा रिकाम्या पोटी बाधू नये म्हणून ते आधी वाढतात. दुसऱ्या काइसेकीचा अर्थ 'बैठक'. हे एदो काळात (1603–1868) वाढलेलं, साके म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या संगतीनं चालणारं मेजवानीचं जेवण. रेस्टॉरंटमध्ये बहुधा हेच मिळतं.

ओळखण्याची खूण भातात आहे. चहाच्या काइसेकीत भात आणि सूप अगदी सुरुवातीला येतात. मेजवानीच्या काइसेकीत साके आधी, आणि भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेलं सूप, लोणचं शेवटी. भात आला की जेवण आवरत आलं असं समजावं.

काइसेकीत निर्मितीची जागा दिसत नाही. स्वयंपाकघर पडद्याआड असतं. बोलायचं काम ताटल्या करतात. उन्हाळ्यात काचेची भांडी येतात, शरद ऋतूत लाल पान ठेवलेलं असतं. मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो झाकण असलेला लाखकामाचा वाडगा. वाफेमुळे झाकण घट्ट बसतं. ओढत बसायचं नाही. एका हाताने वाडग्याच्या कडा हलक्या दाबल्या की हवा शिरते आणि झाकण सुटतं. आधी वास येतो, मग स्वच्छ पाण्यासारखं सूप दिसतं. कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप यांच्यापासून काढलेला अर्क म्हणजे दाशी, आणि या सूपचा पाया तीच. काइसेकीचा शेफ तिच्यावरूनच जोखला जातो.

मग गोंधळ का होतो? काइसेकीतही मेन्यू बहुधा शेफच ठरवतो, म्हणजे सोपवणं तिथेही आहेच. काउंटरवर बसवून अशा क्रमाचं जेवण देणारी कप्पो नावाची जागाही असते. शिवाय जपानबाहेर कुठल्याही महागड्या ठरीव मेन्यूला ओमाकासे म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते मला खटकतं. त्यामुळे शब्दातला विश्वास निघून जातो आणि नुसती किंमत उरते.

निवडताना सोबत कोण आहे ते पाहावं. सुशीच्या काउंटरवर सगळ्यांना एकाच वेळी वाढायला सुरुवात होणार असेल तर उशिरा पोचणं म्हणजे बाकीच्यांना ताटकळवणं; उग्र अत्तरही नको, माशाचा नाजूक वास मरतो. निवांत गप्पा मारत दोन-तीन तास घालवायचे असतील तर काइसेकी बरी. कुठेही गेलात तरी काय खात नाही ते बुकिंगच्या वेळीच सांगा, जेवायला बसल्यावर नव्हे. आणि शाकाहारी असाल तर 'मासे नकोत' एवढं पुरत नाही. वरवर निव्वळ भाजीच्या दिसणाऱ्या पदार्थातही बोनिटोची दाशी असू शकते. कोंबू आणि शिताके मशरूमची दाशी वापरतात का, हे वेगळं विचारावं. किंवा सरळ शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण देणारी जागा शोधावी.